सात ते नऊचा पहारा

बापू, तुमचा सात ते नऊचा पहारा यंदा मोकळा जायची वेळ आली होती. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहायला बसलोय. तुम्हाला अक्षर वाचता येत नव्हतं आणि तुम्ही जाऊनही वीस-बावीस वर्षं झाली, म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत न पोचायला चांगली दोन कारणं आहेत. पण तुमच्या समोर उभं राहून माझ्या तोंडून कधी धड वाक्य निघालं नाही. कागदावर निघतं. तेव्हा कागदच बरा.

आपल्या मारुतीच्या देवळात चैत्रातला सप्ताह अजून बसतो. रीत तुम्ही सोडून गेलात तीच. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, दोन-दोन तासांनी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं नामाशिवाय दुसरा शब्द बोलायचा नाही. पहारे वाटायचं काम आता माझ्याकडं आलंय. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसतो आणि चैत्रात तिथलं काम थंड असतं, म्हणून गावानं हे माझ्या गळ्यात घातलं. काम सोपं आहे असं मला वाटलं होतं. पहाटे तीनच्या पहाऱ्याला तर आता माणसं भांडतात, कारण म्हाताऱ्यांना तशीही झोप लागत नाही. दुपारचे पहारे बायका घेतात. अडतं ते सात ते नऊला. तुमच्या वेळी ती भाकरीची वेळ म्हणून कुणाला नको असायची आणि तुम्ही म्हणायचात, "मला द्या. मालकाकडून यायलाच सात वाजतेत, तसाच देवळात हुबा ऱ्हातो." आता ती मालिकांची वेळ आहे. संध्याकाळचं भजन संपलं की देऊळ असं रिकामं होतं की मारुतीराया आणि वीणेकरी, दोघंच एकमेकांकडं बघत राहतात. यंदा तर वीणेकरीही मिळेना. कमिटीतला एक जण म्हणाला, "दोन तास खुंटीला अडकवू की काका. खुंटी म्हंजे काय जमीन हाय का?" सगळ्यांना ते पटलंही. मी म्हटलं, थांबा, आज संध्याकाळपर्यंत माणूस आणतो. मनात म्हटलं, ज्या दिवशी वीणा खुंटीला लागेल त्या दिवशी माझ्या बापाचा पहारा खऱ्या अर्थानं संपला.

पहिल्यांदा गेलो तो मालकांच्या घरी. तुमचे मालक गेले, त्यांचा नातू आता सगळं बघतो. बैठकीत शिरताना मला ते जुने दिवस आठवले नाहीत असं म्हणणं खोटं होईल. गावातला पहिला टीव्ही त्याच बैठकीत आला होता, लाकडी दारांच्या पेटीतला, आणि लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून त्याला लावायचे. बसायची रीत ठरलेली होती: मालक खुर्चीवर, पाव्हणे पलंगावर, भावकीतले सतरंजीवर, कुळवाडी फरशीवर, आणि आम्ही गड्यांची पोरं उंबऱ्याबाहेर. माणूस कुठं बसलाय ते बघून त्याची जमीन सांगता यायची. मी उंबऱ्यात उभा राहून मान लांब करून बघत होतो, तेव्हा तुम्ही मागून येऊन माझा कान धरलात. "लोकाच्या उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन बघायचं न्हाई. बस म्हणले तर बसून बघ. न्हाई तर घरी चल." रस्ताभर मी रडत होतो. पण दुसऱ्याच आठवड्यात वारा सुटला, चित्राला मुंग्या आल्या, मालक ओरडले, आणि तुम्ही माडीवर चढून अँटेनाचा बांबू धरलात.

"आलं का?" वरून तुमचा आवाज.

"आलं, आलं!" खाली सगळी बैठक.

तुम्ही हात सोडलात की गेलं. धरलात की आलं. शेवटी तुम्ही बांबू धरून उभेच राहिलात, वीणा धरल्यासारखे, आणि मालकीणबाई म्हणाल्या, "गड्याच्या पोराला आत घ्या रे. त्याचा बाप वर हुबा हाय." त्या दिवशी मी सतरंजीवर बसलो. पुढं तो नियमच झाला. वारा असला की तुम्ही माडीवर आणि मी सतरंजीवर, वारा पडला की तुम्ही गोठ्यात आणि मी उंबऱ्याबाहेर. मी रोज शाळेत जाताना मारुतीला वारा मागायचो. वायूचाच पोरगा तो, त्याला काय अवघड? उन्हाळ्यात तो माझं ऐकायचा, थंडीत फारसं ऐकायचा नाही. घरी चालताना तुम्ही विचारायचात, "मग काय झालं?" मी हिंदीतून जेवढं कळलं तेवढं सांगायचो आणि तुम्ही म्हणायचात, "तो माणूस बरा न्हाई. मला आवाजावरनंच वळखू आलं." सबंध मालिका तुम्ही माडीवर उभं राहून, शेताकडं तोंड करून ऐकलीत. एक चित्र बघितलं नाहीत.

तर त्याच बैठकीत आता भिंतभर टीव्ही आहे. त्यावर कापड घातलेलं. नातू म्हणाला, "काका, आमच्यात कुणी टीव्ही बघतच नाही. टाइम कुठंय? मी संध्याकाळी परभणीला जिमला, पोरं तिथंच हॉस्टेलला." त्याची बायको म्हणाली, "टीव्हीनं माणूस आळशी होतो." मग म्हटलं तुम्हीच का घेत नाही पहारा, तर जिम. सप्ताहासाठी त्यांनी साखरेचं पोतं द्यायचं कबूल केलं. पायऱ्या उतरताना मला हसू आलं, बापू. ज्या घरी टीव्ही आहे म्हणून अख्खं गाव दारात उभं राहायचं, त्या घराची प्रतिष्ठा आता टीव्ही न बघण्यात आहे! आपण उशिरा बघायला शिकलो आणि तोवर त्यांनी सोडूनही दिलं.

तिथून गल्लीच्या टोकाला, हळद शिजवणाऱ्या जोडप्याकडं. हे तुमच्यानंतर गावात आलेले, दिवसभर दुसऱ्यांच्या हळदीच्या कढईवर असतात. दुपारचे भाकरीला घरी आले होते आणि टीव्हीवर कालचा भाग परत लागला होता. नवरा टीव्हीपुढं आडवा, डोळे मिटलेले, तोंड उघडं. मी म्हटलं झोपलाय, उगाच वीज कशाला, आणि बटण दाबलं. तो ताडकन उठून बसला.

"बघायलोय ना मी!"

"काय बघायलास?"

त्यानं डोळे चोळले. "ते... बाई हाय एक. लय वाईट हाय."

त्याची बायको भाकरी थापता थापता हसायला लागली. मी तिला म्हटलं, रोज सात वाजता हेच का? भजनाला, बाजाराला, कुणाकडं बसायला जात नाही का? ती म्हणाली, "काका, बाजाराला गेलं की खिशात हात घालावा लागतंय. पाव्हण्याकडं गेलं की बरं लुगडं लागतंय. त्या वाड्यावर गेलं तर चप्पल कुठं काढावी तेच उमगत न्हाई. आन् ह्या बाईचा बंगला बघा केवढा हाय. तिथं मी हळदीच्या हातानं बसते, कुणी ऊठ म्हणत न्हाई." तिनं नवऱ्याकडं भाकरीच्या हातानं बोट केलं. "ह्याला न्या की पहाऱ्याला. पर मालिका बुडली तर रातभर मला इचारंल, पुढं काय झालं म्हणून."

मग गुरुजी. माझे शाळेतले. पोरं पुण्याला, घरच्या बाई वारल्या, पेन्शन आहे, तीन खोल्या आहेत, आणि मधल्या खोलीतला टीव्ही इतका मोठ्यानं की तिन्ही खोल्यांत ऐकू यावा. बातम्यांवर चौघे जण भांडत होते आणि गुरुजी पाचवे. "बस खाली! एकेकानं बोला!" असं ते टीव्हीला सांगत होते आणि योगायोगानं एक जण गप्प झालाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडं समाधानानं बघितलं. मी पहाऱ्याचं विचारलं. म्हणाले, "अरे, ह्यांना मोकळं सोडून कसा येऊ?" मी म्हटलं, गुरुजी, आवाज तरी कमी करा. त्यावर ते टीव्हीकडं बघतच म्हणाले, "मोठा असला की सैपाकघरात कुणीतरी हाय असं वाटतंय रे." चहा मीच करून त्यांना दिला आणि निघालो.

शेवटी आत्या. तुमची चुलत बहीण, देवळासमोरचं घर. गल्ली एवढी अरुंद की तिच्या उंबऱ्यातून फेकलेला तांदूळ मारुतीच्या पायरीवर पडावा. गुडघे गेलेत तिचे. पोरगा चाकणला कंपनीत आहे, त्यानं दिवाळीला हा मोठा टीव्ही आणून बसवला आणि तो सकाळच्या चहापासून चालू असतो. मी जरा उपदेशाच्या सुरात म्हटलं, आत्या, दिवसभर डोळे खराब करून घेतेस, समोर देव आहे, नाम चाललंय. ती खाटेवरून उठली नाही, पण आवाज उठला.

"सप्त्याला माणूस लागला तवा आत्या आठवली व्हय रं? वरीसभर माझ्या दारावरनं देवळात जातूस, मान खाली घालून. लय भक्त! कधी म्हणलास का, आत्या, जेवलीस का? ही बाई बघ," तिनं परत लागलेल्या भागातल्या नटलेल्या सासूकडं बोट केलं, "लबाड हाय, सुनंला छळायलीय, तिजोरीची किल्ली लपवून बसलीय. पर सात वाजता येती म्हंजे येती. एक दिस चुकली न्हाई."

बापू, रोज संध्याकाळी मी त्या दारावरून गेलोय. देवाकडं लक्ष होतं म्हणून शेजारी गेलं नाही, असं म्हणायची सोय आहे खरी. मी तिच्या खाटेच्या कडेला बसलो आणि म्हटलं, जेवलीस का? ती म्हणाली, "आता इचारून काय उपेग? जेवले." मग थोड्या वेळानं, "काय अडचण हाय ते सांग."

सांगितली. ऐकून ती म्हणाली, "वीणा हिकडं आण मग." मी म्हटलं, आत्या, वीणा देवळाबाहेर नेता येत नाही. तिनं टीव्हीच्या टेबलाकडं बघितलं. "मग टीव्ही तिकडं लोटू. तुझा बाप तर अँटिना धरून हुबा ऱ्हायचा. ह्या टेबलाला चाकं हायती."

आणि आम्ही दोघांनी तो लोटला, ती टेबलालाच धरून, दारापर्यंत, तोंड देवळाकडं करून. मी अट घातली की आवाज पूर्ण बंद, देवळात नामच ऐकू आलं पाहिजे. हळदवाल्याला जाऊन सांगितलं. बिचारा आंघोळ करून, टोपी घालून आला, आधीच्या वीणेकऱ्याच्या पाया पडून वीणा गळ्यात घेतली आणि सभामंडपात जिथून पडदा सरळ दिसतो ती जागा त्याला मी न सांगताही सापडली. समोर सासू सुनेला काहीतरी लागट बोलत होती, आणि तिचं तोंड हललं की ऐकू यायचं "रामकृष्णहरी". सुनेनं रडून उत्तर दिलं, "रामकृष्णहरी". इतक्या वाईट तोंडातून इतकं चांगलं नाम मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली, तिच्याबरोबर शेजारणी आल्या. चालू टीव्हींत हा पडदा गावात सगळ्यात मोठा. आवाज नसल्यामुळं कुणाला गोष्ट कळेना, तेव्हा आत्या दाराबाहेर गल्लीत टाकलेल्या खाटेवरून सांगायला लागली: "आता सून देवघरात चाललीय... किल्ली तिथं न्हाई गं बाई, तिथं बघू नकू!" देऊळ भरलं. गुरुजीही आले. म्हणाले बातम्यांत आज दम नाही. येऊन आत्याची वाक्यं सुधारायला लागले आणि दोघांचं छान भांडण जुंपलं. चौथ्या दिवशी तर मालकांचा नातू परभणीहून येऊन पायरीशी उभा राहिला, आत यावं की नाही ते न कळून. मी त्याला म्हटलं, "उंबऱ्यात उभं राहू नका, मालक. आत या, बसा." सतरंजी होती. तो बसला. कान मात्र मी धरला नाही.

आणि नेमक्या त्याच दिवशी सोनपेठकडचे कीर्तनकार महाराज नऊच्या कीर्तनाला आधीच्या एसटीनं साडेसातलाच आले. देवळात पाय ठेवला आणि थबकले. एवढी माणसं, एवढी शांतता, फक्त नाम. त्यांनी हात जोडले. "काय ही नामाची गोडी!" मग त्यांच्या ध्यानात आलं की सगळ्या गावाची पाठ मारुतीकडं आहे. त्यांनी गाव बघत होतं तिकडं बघितलं. गल्लीपलीकडं सून किल्लीसाठी पेटीची फळी उचकत होती.

"हे कुणाचं डोकं?"

अख्खं देऊळ माझ्याकडं बघायला लागलं. आत्यासुद्धा. जिचं डोकं, तिनंही. मी शाळेतल्यासारखा उभा राहिलो. ते निघून गेले असते तर सप्ताह मोडला असता माझ्या नावावर आणि पहारा बुडाला असता तुमच्या. मी सगळं सांगितलं, खुंटीपासून. महाराज ऐकत होते.

"वीणा खाली ठिवली का?"

"न्हाई, महाराज."

"नाम थांबलं?"

"एकदा थांबलं असतं. सुनंला मारलं तवा. पर त्यानं सावरलं."

महाराजांनी मारुतीकडं बघितलं, मग पडद्याकडं. बराच वेळ पडद्याकडं. "मग मारुतीरायाची काय हरकत दिसत न्हाई. फकस्त देवाला पाठ करू नका. तिरपं बसा."

बापू, सगळं गाव तिरपं बसलं. एक डोळा देवाकडं, एक किल्लीकडं. महाराजांना चहा आणून दिला तर ते खांबाला टेकून प्यायले, आणि खांब त्यांनी निवडला होता तिरपाच. नऊला टीव्ही बंद झाला, लोक होते तिथंच राहिले आणि कीर्तनाला गेल्या कित्येक वर्षांत नव्हती एवढी गर्दी झाली.

शेवटच्या दिवशी हळदवाल्याची कढई उतरायची राहिली होती. तो येऊ शकला नाही आणि पहारा मी घेतला. वीणा गळ्यात आली तेव्हा कळलं की ती जड नसते, पण हात सोडता येत नाही ह्याचंच वजन असतं. मी आधीच ठरवलं होतं: तुमच्यासारखं उभं राहायचं. देवाकडं तोंड, डोळे बंद. आपल्या घरी माझ्या पहिल्या पगाराचा टीव्ही आला, तेव्हाही तुम्ही भिंतीला टेकून दाराकडं तोंड करून बसायचात. मी म्हणायचो, बापू, हिकडं बघा. तुम्ही म्हणायचात, "ऐकू यायलंय की." आणि चित्र हललं की उठून बाहेर जायचात, केबल असून. तर तसा मी उभा राहिलो. बराच वेळ राहिलो. बाहेर वारा सुटला, चैत्रातला, धुळीचा, देवळातली घंटा आपोआप हलली. मी न मागता. आत्यानं पडद्यावर धूळ बसू नये म्हणून टेबल जरा आत ओढलं असावं, कारण चाकांचा आवाज आला आणि पाठोपाठ तिची हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी:

"आलं का रं?"

माझे डोळे उघडले. वीणा गळ्यात, बोलायची सोय नाही. मी नुसती मान हलवली. आलं होतं. खांब थोडा आड येत होता, म्हणून मी पाऊलभर डावीकडं सरलो.

किल्ली सासूच्याच पदराला होती, बापू. सगळ्यांना दिसत होती, सुनेला सोडून. त्या दिवशी घरी चालत येताना मी एकटाच होतो, तरी रस्ताभर तुम्हाला सांगत आलो. मध्ये एकदा थांबलो, तुम्ही "मला आवाजावरनंच वळखू आलं" म्हणाल म्हणून.

सप्ताह संपून आता आठ दिवस झालेत. टीव्ही परत खाटेसमोर गेला. पुढच्या वर्षीचा सात ते नऊचा पहारा मी माझ्या नावावर ठेवला आहे, आणि लोक म्हणतात पोरगा बापाची जागा चालवतोय. हे पत्र मी देवघरातल्या पोथ्यांखाली सारणार आहे, कारण सात वाजत आलेत आणि मला आत्याकडं जायचंय. घरात सांगतो की म्हातारीजवळ कुणी नाही, जरा बसून येतो. पहिलं तेच विचारतो, जेवलीस का. ते खरं आहे. पण तिच्याशी बोलताना माझं तोंड कुठं असतं, ते घरात सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. तिरपं असतं.